११,६१६ अँगस्ट्रॉमची रेषा: एका दूरस्थ दीर्घिकेच्या अवरक्त निरीक्षणाचं प्रकरण

२१ ऑक्टोबर २०१० च्या ‘नेचर’मध्ये मॅथ्यू लेहनर्ट आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. यूडीएफवाय-३८१३५५३९ नावाच्या दीर्घिकेच्या वर्णपटात ११,६१६ अँगस्ट्रॉमजवळ (१०,००० अँगस्ट्रॉम म्हणजे एक मायक्रॉन) एक उत्सर्जन रेषा सापडली आहे, ती हायड्रोजनची, मुळात १,२१५.६७ अँगस्ट्रॉमची, लायमन-अल्फा रेषा आहे आणि म्हणून या दीर्घिकेची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचं माप) ८.५५ आहे, असं त्यात मांडलं होतं. तोवर वर्णपटावरून पक्क्या झालेल्या दीर्घिकांमध्ये सर्वांत दूरची ६.९६ ताम्रसृतीची होती, एका गॅमा किरण स्फोटाची ताम्रसृती ८.२ होती. म्हणजे हा विक्रमच होता. महास्फोटानंतर सुमारे ६० कोटी वर्षांनी निघालेला हा प्रकाश, १३ अब्जांहून अधिक वर्षं प्रवास करून आलेला.

२०१३ मध्ये अँड्र्यू बंकर आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या दोन उपकरणांनी तीच दीर्घिका पाहून निष्कर्ष छापला: त्या जागी, त्या तरंगलांबीला रेषा मिळत नाही.

नागपूर परिसरातले एम.एस्सी. पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी आणि आकाशनिरीक्षणाच्या गटांतून पुढे येऊन खऱ्या निरीक्षणांची आकडेमोड करू पाहणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे प्रकरण इथे उलगडलं आहे. कोण जिंकलं, कोण हरलं हा त्याचा विषय नाही. ‘नाही दिसलं’ हे विधान करायला ‘किती दिसायला हवं होतं’ हे आधी मोजावं लागतं, आणि हे मोजणं रेषा शोधण्याइतकंच कष्टाचं असतं. या प्रकरणात ते काम खरोखर झालं, म्हणून ते शिकण्यासारखं आहे.

लक्ष्य

नावातच पत्ता आहे. विषुवांश आणि क्रांती हे आकाशावरचे रेखांश-अक्षांश. ३८१३ म्हणजे विषुवांशाचे ३८.१३ सेकंद, ५५३९ मधून क्रांतीची ५ मिनिटं आणि ५३.९ सेकंद, मिनिटांचा दशक गाळलेला. पूर्ण सहनिर्देशक विषुवांश ३ तास ३२ मिनिटं ३८.१३ सेकंद, क्रांती उणे २७ अंश ४५ मिनिटं ५३.९ सेकंद. ही जागा फॉरनॅक्स म्हणजे अश्मंत तारकासमूहातल्या हबल अल्ट्रा डीप फील्डमध्ये येते. नागपूरहून डिसेंबरच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास आकाशाचा हा तुकडा ऐन दक्षिणेला, क्षितिजापासून ४१ अंशांवर असतो. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही, कारण दीर्घिका सुमारे २८व्या प्रतीची आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद). नुसत्या डोळ्यांची मर्यादा ६ धरली तर २२ प्रतींचा फरक पडतो. तेजस्वितेत तो ६० कोटी पटींहून जास्त आहे.

हबलवर मे २००९ मध्ये वाइड फील्ड कॅमेरा-३ बसला आणि त्याच वर्षी या क्षेत्राच्या खोल अवरक्त प्रतिमा मिळाल्या. ही दीर्घिका १.२५ आणि १.६ मायक्रॉनच्या फिल्टरांत दिसते, १.०५ मायक्रॉनच्या फिल्टरात गळते. म्हणून तिला ‘वाय ड्रॉपआउट’ म्हणतात. गळण्याचं कारण असं, की वाटेतला उदासीन हायड्रोजन लायमन-अल्फापेक्षा आखूड तरंगलांबीचा जवळजवळ सगळा प्रकाश खातो, ताम्रसृती ८.५ च्या आसपास असेल तर हा कडा १.१६ मायक्रॉनजवळ सरकतो. बंकर, मॅक्लूर आणि बाउवेन्स यांच्या गटांनी ती स्वतंत्रपणे याच निकषावर निवडली होती.

फिल्टरांच्या रंगांवरून येणारी ताम्रसृती हा अंदाज असतो. १.९ च्या आसपासच्या ताम्रसृतीची, जुन्या ताऱ्यांची मंद दीर्घिकाही ४,००० अँगस्ट्रॉमच्या तिच्या कड्यामुळे असेच रंग दाखवू शकते. म्हणून वर्णपट हवा.

जमिनीवरून पाहण्यातली खरी अडचण

अवरक्त म्हटलं की आपल्याकडे आधी उष्णता आठवते. मे महिन्यात नागपुरात रात्रीही पारा ३० अंशांच्या घरात राहतो, पावसाळ्यात विदर्भावरच्या हवेत ५० मिलिमीटरच्या पुढे पाण्याची वाफ असते. चिलीतल्या पारानाल वेधशाळेवर हा आकडा साधारण अडीच मिलिमीटर असतो. या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण वेगवेगळ्या ठिकाणी. उष्णतेचा त्रास २.२ मायक्रॉनच्या पुढे, के पट्ट्याच्या लांब टोकाला सुरू होतो. वाफ १.३५ ते १.४५ आणि १.८ ते १.९५ मायक्रॉनच्या पट्ट्या बुजवून टाकते. १.१६ मायक्रॉनला, म्हणजे जे पट्ट्यात (१.१ ते १.४ मायक्रॉन), मुख्य शत्रू तिसराच आहे: हायड्रॉक्सिल.

साधारण ८७ किलोमीटर उंचीवर हायड्रोजनचे अणू ओझोनशी भिडतात, त्यातून उत्तेजित हायड्रॉक्सिल तयार होतं आणि ते अवरक्तात शेकडो बारीक रेषांनी चमकतं. पारानाल २,६३५ मीटरवर आहे, हवाईतलं मौना केआ ४,२०० मीटरच्या आसपास, नागपूर ३१० मीटरवर. तिन्ही ठिकाणी हा थर डोक्यावरच राहतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथला काळोख दृश्य प्रकाशातल्या निरीक्षणाला अनमोल आहे, पण १.१६ मायक्रॉनला पाहणाऱ्या डिटेक्टरला पेंचचं आकाशही उजळलेलंच दिसेल.

किती उजळ? जे पट्ट्यात रात्रीचं आकाश दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) सुमारे १६व्या प्रतीचं असतं. दीर्घिका २८व्या प्रतीची. प्रतींच्या दोन पद्धतींमधला फरक सोडून दिला तरी पार्श्वभूमी दहा हजार पटींहून अधिक तेजस्वी उरते. त्यात ही चमक स्थिर नसते. वरच्या वातावरणातल्या लाटांमुळे रेषांची तीव्रता पाच-दहा मिनिटांत बदलते, आणि सगळ्या रेषा एकाच प्रमाणात बदलत नाहीत.

एकच गोष्ट निरीक्षकाच्या बाजूने असते. हा प्रकाश बारीक रेषांत बांधलेला आहे, त्यामुळे रेषांच्या मधल्या फटींत आकाश बरंच काळोखी असतं. ११,६१६ च्या आजूबाजूच्या हायड्रॉक्सिल रेषा ११,५९२ आणि ११,६२८ अँगस्ट्रॉमच्या आसपास आहेत. म्हणजे सापडलेली रेषा फटीत होती, पण उजवीकडच्या रेषेपासून फक्त १२ अँगस्ट्रॉमवर.

२०१० चं निरीक्षण

लेहनर्ट यांच्या गटाने पारानालवरच्या व्हीएलटीच्या (व्हेरी लार्ज टेलिस्कोप) ८.२ मीटर दुर्बिणीवरचं सिन्फोनी हे उपकरण वापरलं. सिन्फोनी आकाशाचा छोटा चौकोन ३२ पट्ट्यांत कापतं, पट्ट्या शेजारी-शेजारी मांडतं आणि सगळ्यांचा वर्णपट एकदम घेतं. हाती येतो तो डेटा क्यूब: दोन बाजू आकाशाच्या, तिसरी तरंगलांबीची. मोठ्या क्षेत्राच्या मोडमध्ये चौकोन ८ बाय ८ आर्कसेकंदांचा असतो आणि जे पट्ट्यात विभेदनक्षमता साधारण २,०००. म्हणजे ११,६१६ ला ५.८ अँगस्ट्रॉमपेक्षा बारीक तपशील वेगळा होत नाही. एकूण निरीक्षण सुमारे १५ तासांचं.

स्लिटऐवजी, म्हणजे अरुंद फटीऐवजी, चौकोन निवडण्यामागे व्यावहारिक शहाणपण होतं. २८व्या प्रतीची वस्तू दुर्बीण नेमकी रोखण्यासाठीच्या कोणत्याही अॅक्विझिशन कॅमेऱ्यात दिसत नाही, त्यामुळे जवळचा तेजस्वी तारा मध्यावर आणून मोजलेल्या अंतराने दुर्बीण सरकवतात. त्यात दोन-तीन दशांश आर्कसेकंदांची चूक झाली तर स्लिटमधून प्रकाश निसटतो. आठ आर्कसेकंदांच्या चौकोनात वस्तू कुठेतरी असतेच. शिवाय वस्तू एका एक्स्पोजरमध्ये चौकोनाच्या एका कोपऱ्याकडे, पुढच्यात दुसऱ्या कोपऱ्याकडे ठेवता येते. मग प्रत्येक एक्स्पोजर दुसऱ्यासाठी आकाशाचं काम करतं आणि कोरं आकाश टिपण्यात वेळ जात नाही.

मिळालेली रेषा किती क्षीण होती? निबंधात तिचा फ्लक्स ६.१ गुणिले १० चा उणे अठरावा घात इतके अर्ग, दर सेकंदाला दर चौरस सेंटिमीटरवर, असा दिला आहे. या तरंगलांबीच्या एका फोटॉनची ऊर्जा १.७१ गुणिले १० चा उणे बारावा घात अर्ग येते. ८.२ मीटरच्या आरशाचं क्षेत्रफळ सुमारे ५२ चौरस मीटर. गुणाकार-भागाकार केला की कळतं: संपूर्ण आरशावर या रेषेचे सेकंदाला दोनसुद्धा फोटॉन पडत नाहीत. वातावरण, आरसे, ग्रेटिंग आणि डिटेक्टर ओलांडून त्यातला थोडाच भाग मोजला जातो. अशा संकेताला सहा सिग्मांची खात्री लावली गेली, म्हणजे तो नॉइजच्या (मापनातल्या यादृच्छिक चढउताराच्या) नेहमीच्या आकाराच्या, सिग्माच्या, सहापट धरला गेला.

सहा सिग्मा, पण कोणत्या सिग्माचे

प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि विद्यार्थी याच ठिकाणी घाई करतात.

आधी साधा हिशेब. ८ बाय ८ आर्कसेकंदांत सीइंग (हवेमुळे ठिपक्याची होणारी पसरण) ०.६ धरलं तर सुमारे २०० स्वतंत्र जागा बसतात. १.१ ते १.४ मायक्रॉनमध्ये ५.८ अँगस्ट्रॉमचे ५०० हून अधिक स्वतंत्र तुकडे. एका क्यूबमध्ये जवळपास एक लाख स्वतंत्र मापनं. नॉइज पूर्णपणे गॉसियन असला तरी एवढ्या गर्दीत चार सिग्मांचे तीनेक उंचवटे योगायोगाने उभे राहतात. म्हणून क्यूबभर हिंडून ‘रेषा’ शोधणं घातक. इथे मात्र जागा हबलच्या प्रतिमेवरून आधीच ठरलेली होती, तरंगलांबीचा टापूही १.१ ते १.२ मायक्रॉन असा साधारण ठरलेला. शोधायचे तुकडे उरले पावणेदोनशे. त्यांत सहा सिग्मा योगायोगाने येण्याची शक्यता कोटीत दोनाहून कमी. कागदावर शंकेला जागाच नाही.

म्हणून प्रश्न शक्यतेच्या गणिताचा उरत नाही, सिग्मा किती धरला याचा होतो. समजा नॉइज दीडपट कमी लेखला गेला. मग सहा सिग्मांचे चार होतात आणि तीच शक्यता कोटीत दोनावरून हजारात पाचावर येते. नॉइज गॉसियन नसेल तर त्याहून जास्त.

सिग्मा कमी लेखला जाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. पुढची यादी त्या विशिष्ट निरीक्षणावरचा आरोप नाही. जे पट्ट्यातला कोणताही क्यूब हाताळणाऱ्याने त्या तपासायच्या असतात.

पहिली वाट रिसॅम्पलिंगची. डिटेक्टरवरच्या वाकड्या पट्ट्या सरळ करून क्यूब बांधताना प्रत्येक पिक्सेलचं मोजमाप शेजाऱ्यांत वाटलं जातं. शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखे होतात आणि एका पिक्सेलचा विखुरलेपणा खऱ्यापेक्षा लहान दिसतो. मग पिक्सेलच्या नॉइजला पिक्सेलसंख्येच्या वर्गमुळाने गुणून छिद्राचा (ज्या छोट्या वर्तुळातला प्रकाश बेरजेला घेतला त्याचा) नॉइज काढला तर तो हमखास कमी येतो. उपाय एकच आहे: जितक्या आकाराच्या छिद्रातून आणि जितक्या रुंदीच्या पट्ट्यातून रेषा मोजली, तितकीच शेकडो छिद्रं क्यूबच्या रिकाम्या जागी, त्याच तरंगलांबीला ठेवायची आणि त्यांच्या बेरजांचा विखुरलेपणा सिग्मा म्हणून घ्यायचा. तरंगलांबी तीच का? कारण ११,६१६ जवळचा नॉइज ११,६२८ च्या रेषेजवळ वेगळा आणि ११,७५० ला वेगळा असतो. पट्टाभरची सरासरी इथे फसवते.

दुसरी वाट हायड्रॉक्सिलच्या उरलेल्या सावल्यांची. तीव्र रेषेची वजाबाकी एक टक्क्याने चुकली तरी उरणारा अवशेष दीर्घिकेच्या रेषेपेक्षा मोठा असू शकतो, आणि उपकरणाच्या प्रतिसादाचे पंख दोन-तीन विभेदन तुकड्यांपर्यंत पसरतात. १२ अँगस्ट्रॉम म्हणजे नेमके दोन तुकडे. सिन्फोनीसारख्या उपकरणात पट्ट्यांच्या कडांवर हे अवशेष अधिक उठतात.

तिसरी डिटेक्टरची आठवण. अॅक्विझिशनच्या वेळी तेजस्वी तारा जिथे पडला तिथे काही मिनिटं क्षीण छाप उरते. पुढच्या लांब एक्स्पोजरमध्ये ती भुतासारखी उमटते. याशिवाय अर्धवट बिघडलेले पिक्सेल आणि न पुसलेले कॉस्मिक किरण आहेतच. पन्नास-साठ एक्स्पोजरच्या सरासरीत एखादा राहून गेला तर उंचवटा पुरेसा होतो. सरासरीऐवजी मध्यक किंवा सिग्मा-क्लिपिंग केलेली (ठरावीक सिग्मांपलीकडची मापनं गाळलेली) सरासरी घ्यायची ती यासाठी, आणि दोन्ही करून फरक बघायचा.

या सगळ्यांवर एक जुनी आणि भरवशाची चाचणी आहे. वस्तू अ आणि ब अशा दोन जागी ठेवलेली असते, तेव्हा अ मधून ब वजा केल्यावर खरी रेषा अ जागी धन आणि ब जागी ऋण उमटते. अंतरही नॉडइतकंच, म्हणजे दुर्बीण अ वरून ब कडे जितकी सरकवली तितकंच, असतं. डिटेक्टरला चिकटलेला दोष हा नकाशा पाळत नाही. क्षीण रेषेसाठी ही चाचणी दुबळी पडते, कारण धन-ऋण दोन्ही नॉइजमध्ये बुडतात. तरी माहिती दोन भागांत वाटून, सम क्रमांकाची एक्स्पोजर एकीकडे आणि विषम दुसरीकडे, दोन्हींत रेषा साधारण चार-चार सिग्मांनी येते का हे पाहता येतं. एका अर्ध्यात सहा आणि दुसऱ्यात एक आलं तर थांबायचं.

एकच रेषा

रेषा खरी धरली तरी ती कोणाची, हा प्रश्न राहतो. ११,६१६ ला हायड्रोजन-अल्फा असती तर ताम्रसृती ०.७७ येते, ऑक्सिजनची ५,००७ ची रेषा असती तर १.३२, आणि ३,७२७ ची जोडरेषा असती तर २.१२. शेवटचा पर्याय सर्वांत त्रासदायक. ती जोडरेषा २.८ अँगस्ट्रॉमच्या अंतराची, ताणून ८.७ होते, आणि २,००० च्या विभेदनक्षमतेत क्षीण असेल तर एकच रुंद रेषा भासते. १.०५ मायक्रॉनच्या फिल्टरात दीर्घिका न दिसणं हा लायमन-अल्फाच्या बाजूचा पुरावा होता.

दुसरी रेषा जमिनीवरून का पाहिली नाही? ताम्रसृती ८.५५ ला ५,००७ ची ऑक्सिजन रेषा ४.७८ मायक्रॉनवर जाते. तिथे दुर्बीण आणि आकाश दोन्ही स्वतःच्या उष्णतेने चमकतात. इतक्या क्षीण दीर्घिकेसाठी ती वाट जमिनीवरून बंद आहे.

भौतिकीचाही एक आक्षेप होता आणि तो लेहनर्ट यांच्या गटाने स्वतःच मांडला होता. त्या काळात दीर्घिकांच्या दरम्यानच्या अवकाशातला हायड्रोजन बराचसा उदासीन होता आणि तो लायमन-अल्फा विखरून टाकतो. रेषा बाहेर पडायची तर दीर्घिकेभोवती आयनीभूत वायूचा मोठा बुडबुडा हवा. एकट्या या दीर्घिकेला तो फुगवता येत नाही, म्हणून शेजारी आणखी क्षीण दीर्घिका असाव्यात असं त्यांनी सुचवलं.

पुन्हा पाहणी

बंकर यांच्या गटाने दोन उपकरणं घेतली. व्हीएलटीवरचं एक्स-शूटर, ५ तास, सुबारूच्या ८.२ मीटर दुर्बिणीवरचं मॉयरक्स, ११ तास. दोन उपकरणं घेण्याचा फायदा उघड आहे: डिटेक्टर वेगळे, ऑप्टिक्स वेगळं, आकाश वजा करण्याची रीत वेगळी. सिन्फोनीतला कोणताही उपकरणदोष दोन्हींत एकाच तरंगलांबीला उमटणार नाही.

एक्स-शूटरची अवरक्त शाखा साधारण ५,००० च्या विभेदनक्षमतेची. ११,६१६ ला तुकडा २.३ अँगस्ट्रॉमचा, त्यामुळे ११,६२८ ची हायड्रॉक्सिल रेषा पाच तुकड्यांवर जाते आणि तिच्या पंखांची भीती संपते. मॉयरक्सचं बळ वेगळं: मास्कमध्ये अनेक फटी कापता येतात, म्हणून त्याच मास्कवर ओळखीचे तारे धरून फटी जागेवर आहेत की नाहीत हे प्रत्येक एक्स्पोजरमध्ये तपासता येतं.

इथे नागपूरकर वाचकाला एक गोष्ट आपोआप समजेल. सुबारू मौना केआवर, १९.८ उत्तर अक्षांशावर आहे, नागपूर २१.१५ वर. आपल्याकडे फॉरनॅक्स जितका खाली चालतो, जवळजवळ तितकाच तिथेही: जास्तीत जास्त ४२ अंश. म्हणजे प्रकाश उभ्या वाटेच्या दीडपट हवेतून येतो. पारानालवर तीच दीर्घिका माथ्यापासून तीन अंशांवर असते आणि हवेचा गुणक १.०० राहतो. मौना केआवरून पाहताना सीइंग थोडं बिघडतं, आणि गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण रोखून धरणं) दृश्य प्रकाशात असेल तर वक्रीभवनामुळे गाइड ताऱ्याची जागा आणि जे पट्ट्यातली वस्तूची जागा यांत तीन-चार दशांश आर्कसेकंदांची तफावत पडते. ती हिशेबात धरली नाही तर वस्तू फटीच्या कडेला सरकते.

याचा रेषेवर किती परिणाम होतो ते मोजून बघण्यासारखं आहे. सीइंग ०.८ आणि फट ०.९ आर्कसेकंद असेल, वस्तू मध्यावर असेल, तर ८१ टक्के प्रकाश आत येतो. वस्तू ०.३ ने सरकली तर ६६ टक्के. म्हणजे पाच सिग्मांची अपेक्षा चारवर येते. ‘नाही दिसली’ म्हणणाऱ्याला हा घाटा स्वतःच्या विरोधात धरावा लागतो. नाहीतर कुणीही म्हणू शकतं की वस्तू फटीत नव्हतीच.

म्हणून असं निरीक्षण करताना नकली रेषेची चाचणी करावी. कच्च्या माहितीत, रिडक्शनच्या (कच्च्या माहितीतून वर्णपट काढण्याच्या प्रक्रियेच्या) आधी, दावा केलेल्या फ्लक्सची आणि रुंदीची रेषा गणिताने पेरायची, फटीतला घाटा लावायचा, आणि मग तीच पाइपलाइन (रिडक्शनचा सॉफ्टवेअर) चालवून ती परत मिळते का, किती सिग्मांनी मिळते, हे पाहायचं. रिडक्शननंतर पेरलेली रेषा खोटा दिलासा देते, कारण आकाशाच्या वजाबाकीत खऱ्या रेषेचा थोडा भाग जातो आणि तो तोटा तिच्या वाट्याला येत नाही. आकाशाचं मॉडेल बसवताना वस्तूची जागा झाकली नसेल तर हा तोटा मोठा असतो.

बंकर यांच्या गटाचा निष्कर्ष असा: दावा केलेला फ्लक्स खरा असता तर दोन्ही उपकरणं मिळून पाच सिग्मांनी रेषा दिसायला हवी होती, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या तरंगलांबीला ती दिसली नाही.

दोन्ही निकालांतलं अंतर मोजू. पहिलं मापन ६.१, त्याचा सिग्मा सुमारे १. दुसऱ्याचा सिग्मा ६.१ भागिले ५, म्हणजे १.२. दुसरं मापन शून्य धरलं तर फरक ६.१ आणि फरकाचा सिग्मा दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, १.६. विसंगती ३.९ सिग्मांची. दोन्ही गटांचे सिग्मा अचूक असतील तर असं दहा हजारांत एखाद्या वेळीच घडावं. म्हणजे कुठला तरी एक सिग्मा चुकलेला आहे. दुसऱ्या बाजूला दोन स्वतंत्र उपकरणं आहेत, म्हणून आमचं वजन तिकडे पडतं.

एक तपशील सहज निसटतो: हवेतली तरंगलांबी की निर्वातातली. ११,६१६ ला हा फरक ३.२ अँगस्ट्रॉमचा, सिन्फोनीच्या जवळपास दोन पिक्सेलइतका. ताम्रसृतीत तो ०.००२६ येतो. दुसऱ्याने सांगितलेली रेषा तपासताना चुकीच्या पट्टीवर शोधलं तर ‘नाही’ हे उत्तर फुकट जातं. निबंधातल्या ८.५५४९ या ताम्रसृतीत एक मिळवून १,२१५.६७ शी गुणलं की ११,६१५.६ येतं, आणि हायड्रॉक्सिलच्या प्रमाण यादीतल्या तरंगलांब्या निर्वाताच्या असतात. दोन्ही एकाच पट्टीवर आहेत हे लिहून ठेवायचं.

नागपुरात बसून हाती घेण्यासारखं

सिन्फोनी २०१९ मध्ये निवृत्त झालं, पण त्याची माहिती ईएसओच्या (युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी) खुल्या आर्काइव्हमध्ये आहे. वर दिलेल्या सहनिर्देशकांनी शोधलं की या क्षेत्राची निरीक्षणं मिळतात. सोबत त्या रात्रींचे डार्क, फ्लॅट, आर्क दिवे आणि प्रमाण तारे उतरवायचे. ईएसओची पाइपलाइन लिनक्सवर मोफत चालते. साधा डेस्कटॉप पुरतो. डिस्कवर जागा मात्र भरपूर ठेवावी, कारण मधल्या टप्प्यांच्या फिट्स फाइल्स मूळ माहितीच्या कितीतरी पट होतात.

क्रम असा ठेवला तर वेळ वाचतो. आधी वर्णपट न उघडता अपेक्षित संकेत-नॉइज गुणोत्तर काढून वहीत नोंदवायचं. मग दीर्घिकेऐवजी आकाशाच्या रेषांवर तरंगलांबीची पट्टी तपासायची. आर्क दिव्यांवर बसवलेली पट्टी रात्रीत अर्ध्या पिक्सेलने सरकलेली आढळते, आणि हायड्रॉक्सिलच रेषा तिला जागेवर आणतात. त्यानंतर रिकाम्या छिद्रांचा सिग्मा, मग नकली रेषा, आणि सगळ्यांत शेवटी दीर्घिकेची जागा. या क्रमाला उलटं केलं की डोळ्यांना हवं ते दिसायला लागतं आणि क्लिपिंगची मर्यादा नकळत तीनवरून अडीचवर येते.

एक वेगळी, वर्णपट न लागणारी तपासणीही करता येते. हबलचा १.०५ मायक्रॉनचा फिल्टर साधारण ०.९ ते १.२ मायक्रॉनचा प्रकाश घेतो, म्हणजे ११,६१६ त्याच्या लांब टोकाकडे आतच येतं. दावा केलेला फ्लक्स त्या फिल्टरच्या रुंदीत वाटला तर एकट्या रेषेमुळे सुमारे २९व्या प्रतीची वस्तू दिसायला हवी. या क्षेत्राच्या त्या फिल्टरातल्या खोल प्रतिमा खुल्या आहेत. छिद्र ठेवायचं, आजूबाजूची रिकामी छिद्रं मोजायची आणि आकडा २९ शी ताडून बघायचा. एम.एस्सी.च्या एका सत्राला पुरेल असा हा प्रकल्प आहे, आणि त्यातलं प्रत्येक पाऊल दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येतं.

दूरच्या दीर्घिकांच्या सगळ्याच जमिनीवरच्या रेषा अशा विरल्या नाहीत. २०१५ मध्ये केक दुर्बिणीवरच्या मॉस्फायर उपकरणाने ईजीएसवाय८पी७ या दीर्घिकेची लायमन-अल्फा रेषा १.१८ मायक्रॉनजवळ, याच जे पट्ट्यात, पकडली आणि ताम्रसृती ८.६८ सांगितली. पुढे जेम्स वेब दुर्बिणीच्या निअरस्पेकने त्या दीर्घिकेच्या इतर रेषा पाहिल्या आणि आकडा तोच निघाला. निअरस्पेक ५.३ मायक्रॉनपर्यंत पाहू शकतं. यूडीएफवाय-३८१३५५३९ ची ताम्रसृती साडेआठच्या आसपास असेल तर तिची ५,००७ ची ऑक्सिजन रेषाही त्याच्या टप्प्यात येते. दीर्घिका हबलच्या प्रतिमांत आहेच, तिच्या असण्यावर कुणाचा वाद नव्हता. वाद त्या ११,६१५.६ अँगस्ट्रॉमच्या आकड्यावर होता, आणि दोन उपकरणांच्या १६ तासांनंतर ताम्रसृतीच्या यादीत त्या आकड्याला जागा देता येत नाही.